बाई आणि एकतीस खुंट

आम्ही फ्रिज घेतला त्याच दिवशी त्याचा वरचा कप्पा घरमालकिणीकडे गेला. टेम्पोतून फ्रिज उतरत होता, बायको हळदकुंकवाची वाटी घेऊन उभी होती आणि मी हमालांना उगाचच "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून बाई खाली आल्या, त्यांनी फ्रिजचं दार उघडून आत डोकं घातलं आणि म्हणाल्या, "वरचा कप्पा माझा. माझा फ्रिज भरलाय."

"तुमचाच आहे हो, बाई," मी म्हटलं. असं बोलायची पद्धत असते. ऐकणारा माणूस संकोचतो आणि विषय तिथेच मिटतो. बाई संकोचल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत वरच्या कप्प्यात सत्तावीस पाकिटं आली आणि पुढची अकरा वर्षं आम्ही दही खालच्या कप्प्यात, भाजीच्या पेंडीखाली वाकून ठेवलं.

बाई एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. बारीक चण, आखूड कापलेले पांढरे केस, सुती साडी चार बोटं वर खोचलेली आणि पायात कॅनव्हासचे बूट. गल्लीतली पोरं त्यांना 'बियांच्या बाई' म्हणत. बी मग ते गवताचं असो, रानातल्या शेंगेचं असो की कोणा म्हातारीने पदरात बांधून ठेवलेल्या जुन्या भाताचं असो, ते मिळवायचं, सुकवायचं, पाकिटात घालून थंडीत ठेवायचं, हा त्यांचा उद्योग. आमच्या फ्रिजमध्ये ठेवलेली पाकिटं ही त्यांच्या फ्रिजमधल्या पाकिटांची जोडी होती. "एका फ्रिजवर मी विश्वास ठेवत नाही," असं त्या म्हणायच्या. भाडेकरूवर कसा ठेवला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पाकिटं सगळी लग्नपत्रिकांची. जाड कागद, चांगला डिंक, फुकट मिळणारी वस्तू. दुसऱ्याच दिवशी बायकोने फ्रिज उघडला आणि तिचं तोंड उतरलं. "अहो, मागच्या आळीत लग्न आहे. बाईंना आमंत्रण आहे, आपल्याला नाही." दोन दिवस घरात तोच विषय. मीही बाजारात त्या घरच्या माणसाला बघून न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी पाकीट उलटवून पाहिलं, तर मागे पेन्सिलीने 'रानतीळ, सड्यावरचा' असं लिहिलेलं, आणि पुढच्या बाजूच्या लग्नाला चौदा वर्षं होऊन गेलेली. मग भरपाई म्हणून पुढचा आठवडाभर मी त्या माणसाला दिसेल तिथे दोनदोनदा नमस्कार केला. तो मला टाळायला लागला.

बाई बसत नसत. चहा उभ्याने, वर्तमानपत्र उभ्याने, देवळातलं कीर्तन खांबाला टेकून. दार वाजायचं आणि उघडायचं ते एकदमच. वाक्य सुरू व्हायचं खोलीत आणि संपायचं जिन्यात, त्यामुळे त्यांच्या कित्येक सूचनांचा शेवट आम्हाला कधी ऐकूच आला नाही. सुरुवातीला वाटायचं, या बाईंची कुठली गाडी सुटतेय? पुढे कळलं, की रोजच सुटते. आज अमुक वाडीत भाताची एक जुनी जात शेवटच्या माणसाने पेरायची सोडली. उद्या कुठे सडा खणायला यंत्र येणार. परवा कुठल्या तरी झाडाचं फळ पिकून पडणार आणि आठ दिवसांत बी कुजणार.

पावसाळ्यात तर त्यांच्या अंगात वारं शिरायचं. आमच्याकडच्या ओल्या हवेत मिठाची बरणी पाझरते, तिथे बियांचं काय. त्यासाठी बरण्यांतून निळे खडे ठेवलेले असायचे. ते ओल ओढून घेतात आणि ओल भरली की गुलाबी होतात. मग तव्यावर भाजायचे, म्हणजे परत निळे. हा तवा आमचा आणि शेगडीही आमची. बायको परातीत भाकरीचं पीठ मळून उभी आणि बाई उलथन्याने खडे परतताहेत.

"बाई, एवढी भाकरी थापून घेऊ का?"

"तुझ्या भाकरीला उद्याचा दिवस आहे गं. ह्यांना नाही."

वीज गेली की त्या बॅटरी घेऊन खाली यायच्या आणि आमच्या फ्रिजपुढे हात आडवा धरून उभ्या राहायच्या. वीज येईपर्यंत दार उघडायचं नाही. एकदा माझे साहेब पहिल्यांदाच घरी आलेले आणि दूध फ्रिजमध्ये. "काळा प्या," बाई साहेबांना म्हणाल्या. साहेब प्याले. पुढे माझी बदली मंडणगडला झाली असती ती का झाली नाही, याचं एक कारण मी त्या काळ्या चहात शोधत असतो. साहेबांना बहुधा माझी दया आली असावी.

एकदा मी विचारलं, "हे सगळं तुम्ही लावणार कधी?"

"लावायचं नाही. ठेवायचं."

"पण कशासाठी?"

"तुम्ही विमा कशासाठी उतरवलाय?"

"मी गेल्यावर हिला काहीतरी असावं म्हणून."

"मग? तेच," असं म्हणून बाई जिन्यात.

सप्टेंबरात एका रविवारी त्या आम्हाला सड्यावर घेऊन गेल्या. सडा म्हणजे आमच्या दृष्टीने मोटारसायकल शिकायची जागा. मैलभर नुसता काळा कातळ, मधे पाण्याची डबकी. पण पावसाळ्याच्या शेवटी त्या कातळाच्या भेगाभेगांत नखाएवढी फुलं येतात, जांभळी, पिवळी, पांढरी. बाई गुडघ्यावर बसून भिंगातून बघत होत्या आणि पिकलेल्या बोंडातलं बी चिमटीने पाकिटात टाकत होत्या. "दहातलं एक घ्यायचं. नऊ जागेवर ठेवायची," हा नियम. आमच्या लेकीने कौतुकाने मूठभर बोंडं खुडून आणली, तर बाईंनी तिला बोट धरून परत त्याच भेगेपाशी नेलं आणि एकेक बी तिथे टाकून घेतलं. लेक तेव्हा चौथीत होती. रडली नाही. उलट तिला ते फार आवडलं. मी मात्र लांब उभा राहून सिगारेट ओढणाऱ्या माणसासारखा चेहरा करून, सिगारेट न ओढता, समुद्र बघत होतो.

"तुमच्या बुटाखाली जे आहे ना," बाई न बघता म्हणाल्या, "ते कोकण सोडून जगात कुठे नाही."

मी पाय उचलला.

"आता दुसऱ्या पायाखाली बघा."

गाडीपर्यंतचं सगळं अंतर मी चवड्यांवर चाललो. दोन दिवस पोटऱ्या धरल्या होत्या. ऑफिसात विचारलं तेव्हा मी व्यायाम सुरू केल्याचं सांगितलं.

पण बाईंचा खरा घोर पाकिटात मावणाऱ्या बियांचा नव्हताच. तो मला फार उशिरा समजला. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं होतं, की आंब्याच्या कोयी दिसत नाहीत तुमच्या फ्रिजमध्ये. त्यावर त्या चक्क पूर्ण वाक्य बोलल्या, जिन्यात न जाता. "पाकिटात राहतात त्या झोपणाऱ्या बिया. सुकवा, गार करा, पन्नास वर्षांनी उठवा. पण आंबा, फणस, कोकम, जायफळ ही बिनझोपेची जात आहे. कोय वाळली की मेली, गार केली की मेली. तिला रुजायचंच असतं, लगेच, आत्ता. अशांना बँक चालत नाही, त्यांना बाग लागते. मातीत, उन्हात, उभं झाड. आणि तेही एक नाही. एक झाड म्हणजे शून्य झाड. दोन जागी असेल तर ते एक धरायचं."

ऐकताना माझ्या मनात आलं, की बाईही त्याच जातीच्या.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना मला अजूनही खुर्चीत नीट बसवत नाही.

एका मेच्या शेवटी बाईंना कळलं, की जयगडच्या बाजूच्या एका वाडीत जिऱ्या तोडणार आहेत. जिऱ्या हा रायवळ आंबा. रायवळ म्हणजे कलम न केलेला, कोयीपासून आपला आपण उगवलेला. हापूस इथून तिथून एकच, पण रायवळाचं प्रत्येक झाड वेगळं आणि घरातल्या माणसासारखं प्रत्येकाला नाव. जिऱ्याच्या फळाला जिऱ्याचा वास यायचा आणि सगळे आंबे संपल्यावर, पार जूनच्या तोंडावर तो पिकायचा. त्याचा उकडांबा दोन वर्षं बरणीत ताठ राहतो, अशी त्या पंचक्रोशीत ख्याती. असं झाड दुसरं नव्हतं. बाईंनी तीस-एक गावं पालथी घालून ती खात्री केलेली होती. त्याची काडी आणून कलम बांधायचं त्यांच्या डोक्यात होतं, पण हंगाम यायचा होता.

त्या पोचल्या तेव्हा जिऱ्याचे ओंडके अंगणात रचलेले होते. घरातला म्हातारा म्हणाला, "मागल्या आठवड्यात तोडलानी. पोरगे मुंबयसून आलेत, स्लॅबचं घर घेतलानी बांधायला. आंबा मधे येत होता." फांद्या सुकून सरपण झालेल्या, त्यांची काडी निघेना. पण फांद्यांना फळं होती. म्हाताऱ्याने पोतं भरून दिलं. "न्या. आता काय."

ते पोतं मांडीवर घेऊन बाई एसटीने आल्या. गवतात पिकवून ते आंबे आम्ही आठ दिवस खाल्ले. खाल्ले म्हणजे काय, बाई समोर हात पसरून उभ्या असायच्या, कोय चोखून झाली की आधी त्यांच्या हातात. लेकीने एकदा कोय अंगणात भिरकावली, तर बाई तिच्या मागे केळीच्या बुडात शिरल्या. कच्च्या फळांतल्या कोयी वाया गेल्या, काही कुजल्या. एकतीस रुजल्या.

पोरं आईसारखी हुबेहूब निघत नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं. "पण वंश तर आहे," त्या म्हणायच्या. अंगणात पत्र्याच्या कडेला एकतीस काळ्या पिशव्या आणि प्रत्येकीतून वीतभर उंचीचा, तांबूस, चकचकीत पानांचा कोंब. जगात जिऱ्याचं म्हणून जे काही शिल्लक होतं ते एवढंच.

देशावरच्या एका मोठ्या वनस्पती उद्यानाशी बाईंचा पत्रव्यवहार चालू होता. त्यांनी रोपं घेतली, तर जिऱ्या चार ठिकाणी उभा राहणार होता. पत्रांना उत्तर येईना, म्हणून जुलैत एका मंगळवारी बाई स्वतः निघाल्या. चार दिवसांनी येईन म्हणाल्या. मला एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी दिली. वानर, गोगलगाई, उंदीर, शेजारची शेळी, लेकीचा चेंडू, पत्र्यावरून पडणारी पागोळी, सगळ्यांपासून काय करायचं ते क्रमाने लिहिलेलं. शेवटचं कलम असं होतं: 'तुम्ही स्वतः काहीही करू नये.'

मी ते तंतोतंत पाळलं. जे केलं ते सासऱ्यांनी.

माझे सासरे पावसचे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पन्नास वर्षं हापूसची कलमं बांधली. न्हाव्याची नजर जशी समोरच्याच्या केसांवर जाते तशी त्यांची कोंबांवर जाते. बुधवारी सकाळी ते हातखंब्याला कोणाकडे कलमं बांधायला निघाले होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या हापूसच्या काड्या पिशवीत आणि कमरेला चाकू. वाटेत आपल्या लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, बघायला म्हणून डोकावले आणि अंगणातच थांबले.

"जावय, हे खुंट कोणाचे?"

हा शब्द इथला आहे आणि त्यातच सगळं आलं. आमच्याकडे रायवळाची कोय रुजली, की तिला झाड, रोप, काही म्हणत नाहीत. खुंट म्हणतात. वर हापूस बांधायचा तो खालचा खुंट. जन्मल्याबरोबर पडलेलं नाव.

"वरच्या बाईंचे," मी म्हटलं.

"बांधायचे कधी?"

"ते काय मला माहीत नाही. बाई शनिवारी येतील."

"शनवारी?" अण्णा उकिडवे बसले, एक पान बोटांत धरून मला दाखवलं. "बघा. तांबडं हाय तवर. दोन दिवसांनी हिरवं झालं, देठ निबर झाला, की चिकटायचा नाय. बाईंना कोणी सांगितलान नाय?"

मी फोन लावला. लागला नाही. परत लावला. मग माझ्या मनात विचार आला, आणि माझ्या मनात विचार आला की घरात काहीतरी फुटतं असा अनुभव आहे. वाटलं, बिचाऱ्या बाई. एवढ्या धावतात, पण कलमांचा माणूस कुठून आणणार? शनिवारी येतील तर एकतीस हापूस तयार. इतक्या वर्षांत आपण त्यांना कधी काही दिलं नाही. आता देऊ. दुसऱ्याच्या रोपांवर तिसऱ्याच्या कष्टाने दान करताना मन किती मोकळं होतं.

"अण्णा, तुम्हाला वेळ आहे?"

"हातखंब्याला उद्या जातो. बायमाणूस एकटी, तिला कोण बांधून देणार?"

दुपारपर्यंत एकतीस झाले. अण्णांचा हात बघत राहावा असा. कोंबाचा शेंडा तिरक्या फटक्यात उडवायचा, राहिलेल्या देठाला मधोमध चीर, हापूसच्या काडीला पाचर तासायची, चिरेत बसवायची, पट्टी गुंडाळायची. पट्ट्या मी पुरवत होतो आणि प्रत्येक पट्टीगणिक अधिकाधिक उदार होत होतो. उडालेले तांबूस शेंडे अंगणभर पडले होते. ते बायकोने गोळा करून पाण्याच्या बादलीत उभे केले. शेजारी गुरुवारी सत्यनारायण होता. आंब्याचा डहाळा टाकू नये, कलशाला होतो, असं तिच्या माहेरी शिकवलेलं. अण्णा रात्री आमच्याकडेच राहिले.

गुरुवारी सकाळी आठ वाजता फाटक वाजलं. शनिवारी येणाऱ्या बाई दोन दिवस आधीच आल्या. काम झाल्यावर थांबतील त्या बाई कसल्या. "...घेतो म्हणाले, महिन्याभराने गाडी पाठवतील," असं वाक्याचं शेपूट ऐकू आलं आणि मग एकदम काही नाही.

मी बनियनवर बाहेर गेलो. हसत गेलो, हे मुद्दाम नमूद करतो.

बाई पहिल्या पिशवीपाशी उभ्या होत्या. मग दुसरीपाशी गेल्या, तिसरीपाशी. अशा एकतीसही पिशव्यांपाशी गेल्या, प्रत्येक पट्टीवर बोट ठेवत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोणी?" त्यांनी विचारलं.

"मी," अण्णा पायरीवरून म्हणाले. बशी हातात होती. "सगळे हापूस हायेत. खात्रीच्या झाडाच्या काड्या."

"अण्णा, ज्या झाडाच्या ह्या कोयी, ते झाड तोडलं. दुसरं नाही. एवढीच होती."

अण्णांनी बशी खाली ठेवली. बराच वेळ त्यांना ते कळेना. म्हणजे शब्द कळले, पण रायवळ हा रायवळ म्हणून कोणाला हवा असतो, हे त्यांच्या पन्नास वर्षांत कधी पुढ्यात आलंच नव्हतं. मग म्हणाले, "आधी का नाय सांगितलात?"

"मला वाटलं, हे सांगावं लागत नाही," बाई म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटलं. विचारावं लागत नाय."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी यादी शोधायला घरात जाणार होतो, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "शेंडे कुठे आहेत?"

"बादलीत," बायको दारातून म्हणाली.

बाई धावल्या. अण्णा, त्या वयात, त्यांच्या मागून धावले. शेंडे बादलीत होते, माना जरा पडल्या होत्या, पण पानं ओली. अण्णांनी एक देठ नखाने खरवडला, नाकाशी धरला. "जीव हाय. दुपारपर्यंत राहील. तेवढ्यात झालं तर झालं."

"काय झालं तर?" मी विचारलं.

"ज्याचं डोकं त्याला परत बांधायचं," अण्णा म्हणाले. "हापूस काढायचा आणि रायवळ बांधायचा. असा धंदा कोणी केलान नसेल आजवर." आणि मग हळूच, माझ्याकडे न बघता, "पावसात सांगू नका कोणाला. पावसमध्ये म्हणतो मी."

बाई शेंडे मोजत होत्या. "सव्वीस आहेत. पाच कुठे गेले?"

बायकोचा चेहरा पडला. "पहाटे शेजारच्या काकू घेऊन गेल्या. कलशाला."

शेजारी गेलो तेव्हा पूजा सुरू झालेली होती. चौरंगावर कलश, कलशावर नारळ आणि नारळाभोवती जिऱ्याची पाच मुंडकी, तांबूस, फार सुंदर दिसत होती. नवीन जोडपं पूजेला बसलेलं. मी आमच्या परसातल्या हापूसचा डहाळा पाठीमागे लपवून गुरुजींच्या कानाशी वाकलो आणि कलशाची पानं बदलायची आहेत म्हटलं.

"का?" गुरुजींनी मंत्र मधेच थांबवून विचारलं.

"ती जिवंत आहेत," मी म्हटलं.

गुरुजींनी माझ्या बनियनकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी नारळ उचलून धरला. मी पाच शेंडे काढून हापूस खोचला, सवयीने नमस्कार केला आणि पळालो. काकू पुढे वर्षभर माझ्याशी तुटक बोलत होत्या.

परत आलो तर अंगणात दोघं मांडी घालून समोरासमोर. अण्णा पट्टी सोडत, कालची हापूसची काडी उपसून बाजूला ठेवत, खुंटाला बोटभर खाली नवी चीर देत. बाई शेंड्याची पानं अर्धी कातरून पाचर पुढे करत. वर बर्फाच्या कांड्या येतात त्या प्लॅस्टिकच्या नळीची टोपी. झिमझिम चालू होती आणि चिरेत पाणी जाता कामा नये, म्हणून छत्री धरायचं काम माझं. माझा हात ज्या बाजूला कलेल तिकडून शिव्या यायच्या. अण्णांकडून मोठ्याने, बाईंकडून नुसत्या श्वासाने.

"बाई, पाचर जाड झाली."

"ही?"

"हां. अशी. हात चांगला हाय तुमचा. कॉलेजात शिकवतात काय हे?"

"नाही. कॉलेजात फळ्यावर काढून दाखवतात."

अण्णा हसले. पण हापूसची काडी उपसताना दर वेळी ते एक डोळा मिटत होते. मी छत्रीच्या उंचीवरून तेवढं बघितलं. शेवटच्या शेंड्यापर्यंत एक वाजला होता.

पुढचे वीस-बावीस दिवस आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. बाई दिवसातून दहादा खाली यायच्या, अण्णा पावसहून रोज फोन करायचे आणि मला विचारायचे, "टोपीत घाम दिसतो का?" मी पिशवीपाशी ओणवा होऊन घाम शोधायचो, आणि मलाच सुटायचा. एकेक शेंडा काळा पडत गेला. दहा, पंधरा, वीस. मी सकाळी बाहेर पडताना पत्र्याकडे पाठ करून चालायचो. मग एका सकाळी लेक ओरडत आली. एका टोपीत तांदळाएवढा हिरवा डोळा होता.

नऊ जगली. गाडी आली तेव्हा उद्यानाच्या माणसाने वाकून जोड पाहिला आणि विचारलं, "रायवळावर रायवळ बांधलंय? कोणी?" बाईंनी अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णा पत्र्याच्या पन्हाळीकडे बघत होते.

पाच रोपं गाडीतून गेली. दोन बाईंच्या जुन्या कॉलेजच्या बागेत लागली. एक आमच्या अंगणात राहिलं. नववं बाईंनी कुठे द्यायचं ठरवलं होतं ते कळलं नाही, कारण अण्णा मधेच म्हणाले, "ते मला द्या."

"कुठे लावाल?"

"हापूसच्या रांगेत. मधे."

बाईंनी एक क्षणही विचार केला नाही. पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. अण्णा पावसपर्यंत ती मांडीवर घेऊन गेले.

दोन वर्षांनी बाई आजारी पडल्या. पलंगावर पडून राहणं हा त्यांना खरा आजार होता. नर्सला सलाईन लवकर संपव म्हणायच्या. पाकिटं त्यांच्या विद्यार्थ्यांनी नेली, ती आता कुठल्याशा विद्यापीठात खऱ्या थंड खोलीत आहेत. आमचा वरचा कप्पा रिकामा झाला आणि बायको तिथे काहीही ठेवीना. अण्णा भेटायला आले तेव्हा बाईंनी तब्येतीचं बोलू दिलं नाही.

"आंबा?"

"छातीएवढा झालाय. दर मिरगाला कोणीतरी येतो. काका, एक खुंट राहिलाय म्हणतो, येता येता बांधून देतो म्हणतो. चांगली माणसं हायेत हो, पैसे पण नकोत म्हणतात. म्हणून मी त्या दिवसांत घर सोडून कुठे जातच नाय."

"तुमच्यानंतर?"

अण्णांनी मान माझ्याकडे वळवली. बाईंनीही वळवली. त्यांनी माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं.

"दुसरं कोणी नाही?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर आठवड्याभराने बाई गेल्या.

अण्णांचे गुडघे आता गेले आहेत. त्यामुळे मृग ते आषाढ मी रजा काढून पावसला असतो. ऑफिसात सांगायला कारण नाही, म्हणून सासऱ्यांचे गुडघे सांगतो. दिवसभर हापूसच्या रांगेत खुर्ची टाकून बसतो, बसवत नाही म्हणून उठतो, फिरतो, परत बसतो. आंब्याला अजून मोहोर नाही. तो जिऱ्यासारखा निघेल की आंबट ढोण, कोणी सांगू शकत नाही.

गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या बागेतला एक सज्जन माणूस कुंपण ओलांडून आला. हातात ओलं फडकं, कमरेला चाकू. हसरा.

"पाव्हणं, अण्णांचा हा खुंट किती वर्षं राहिलाय. कापून फुटव्यावर बांधून देऊ?"

"तो खुंट नाही," मी म्हटलं.

"मग काय?"

"आंबा आहे."

त्याने झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठला आंबा?"

"आला की सांगतो."

त्याला वाईट वाटलं. चाकू मिटत तो म्हणाला, "विचार करा. पुढच्या वर्षी येतो परत." तो येणार. चांगला माणूस आहे. मी पुढच्या जूनचा रजेचा अर्ज आत्ताच देऊन ठेवला आहे.